आधी पाच किलोमीटर नीट धावा

लग्नात, मुंजीत, गावच्या जत्रेत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय, फुल झाली का?" फुल म्हणजे पूर्ण मॅरेथॉन, बेचाळीस किलोमीटर. मी धावते एवढं त्यांना ठाऊक असतं. मी पाच आणि दहा हजार मीटर धावते, पन्नाशीला टेकले तरी मास्टर्सच्या स्पर्धांना उतरते, असं सांगितलं की समोरचा माणूस समजूत काढल्यासारखा म्हणतो, "होईल हो, फुलही होईल." जणू मी बारावीत अडकून बसले आहे.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ज्याने पाच किलोमीटर घड्याळ लावून, शेवटच्या फेरीत डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत धावून पाहिलेले नाहीत, त्याने बेचाळीसच्या नादी लागू नये. निदान पहिली दोन वर्षं तरी.

मी मूळची माणदेशातली. नोकरीपायी बेंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यात आले आणि इथलीच झाले. बोम्मसंद्रच्या एका कारखान्यात सुटे भाग मोजून तपासायचं काम करते, त्यामुळे मोजल्याशिवाय कशावर विश्वास बसत नाही. धावायला हा तालुका उत्तम आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर, पहाटे गार हवा, नाचणीच्या शेतांमधून जाणारे तांबड्या मातीचे रस्ते. चढ हवा असेल तर मुत्याल मडुवूची दरी जवळच आहे, उतरताना मजा आणि परतताना शिक्षा. जिगणीच्या बाजूला मात्र दगडाचे ट्रक नि धूळ, तिकडे मी फिरकत नाही. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात नाचणी कापणीला आली की बन्नेरघट्ट्याच्या जंगलातून हत्ती शेतात उतरतात. त्या दिवसांत जंगलाकडेच्या रस्त्यावर उजाडल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. एरवी मी कुणावर नियम लादत नाही, हा लादते.

गेल्या काही वर्षांत चंदापूर, अत्तिबेले, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पट्ट्यात इमारती उठल्या आणि त्यांच्याबरोबर धावणारी मुलं आली. त्यात मराठी मुलं बरीच. नागपूरचा एकजण मला म्हणाला, "ताई, सोळा आठवड्यांत फुल करायचीय, प्लॅन द्या ना." त्याचा आठवडा विचारला. मधल्या दिवसांत पाच-पाच किलोमीटर तीनदा, आणि रविवारी एकदम अठ्ठावीस. म्हणजे आठवड्याच्या धावण्यातलं निम्म्याहून जास्त एकाच सकाळी. मग बुधवारपर्यंत जिना उतरताना कठडा धरायचा. "पाच किलोमीटर किती वेळात धावतोस?" विचारलं तर म्हणाला, "पाच? पाच कधी रेस केली नाही." तो एकटा नाही, बहुतेकांचं हेच उत्तर असतं.

पाच किलोमीटरच्या शर्यतीत शरीर आपल्या व्हीओटू मॅक्सच्या, म्हणजे प्राणवायू वापरायच्या कमाल क्षमतेच्या, ९५ टक्क्यांच्या आसपास काम करतं. मॅरेथॉनमध्ये हा आकडा बराच खाली असतो. वरची मर्यादाच ठेंगणी असेल तर तिच्या खालचा वेगही ठेंगणाच राहणार. मग तीस किलोमीटरनंतर स्नायूंतला साखरेचा साठा आटतो आणि उरलेलं अंतर माणूस चालत, फोटोवाल्यापुढे तेवढा पळत, पुरं करतो. शिवाय चाळिशीनंतर जोराच्या हालचालीचे स्नायूतंतू आधी झिजतात. म्हणून माझ्या वयाच्या बायकांना वेगाचं काम जास्त लागतं. त्यांना सांगितलं जातं मात्र, "आता हळूहळू लांब पळा."

दुसरं, शर्यत शिकवते. मॅरेथॉननंतर शरीर पुरतं सावरायला काही आठवडे जातात, त्यामुळे वर्षात एक, फार तर दोन. पाच किलोमीटरनंतर चार दिवसांत माणूस पुन्हा उभा. वर्षात आठ-दहा शर्यती झाल्या म्हणजे पहिला किलोमीटर उधळल्याचा दंड चौथ्यात कसा भरावा लागतो, हे आठ-दहा वेळा कळतं.

माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आमच्याकडे घराघरात ठाऊक आहे. तिने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांचा गट वर्षामागून वर्ष जिंकला. आपल्या लेखी तिथे शिखर गाठून झालं. पण ती अंतर कमी करून तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळली. २०१५ साली वुहानला आशियाई विजेती झाली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावून दहावी आली. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर भारतीय महिलेने वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठायला पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षं जावी लागली होती. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे तर मुळातला तीन हजारवाला. त्याने २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला, आणि २०२२ मध्ये पाच हजार मीटरचा बहादूर प्रसाद यांचा तीस वर्षांचा विक्रम मोडला. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य मिळवलं, ८ मिनिटं ११.२० सेकंदांत.

"ती मोठी माणसं, एक लष्करातला, आपलं काय!" असं कुणी म्हणेल. त्यांचा वेग आपल्याला जमणार नाहीच. मात्र साबळेसारखा आधी वेग आणि मग अंतर हा क्रम पाळायला लष्करात असावं लागत नाही.

माझा आठवडा सांगते. मंगळवारी मैदानावर चारशे मीटरच्या दहा-बारा फेऱ्या पाच किलोमीटरच्या वेगाने, मध्ये दोनशे मीटर रमतगमत. शुक्रवारी वीस मिनिटांचा टेम्पो, म्हणजे एखादं वाक्य कसंबसं बोलता येईल इतका वेग. रविवारी चौदा ते सोळा किलोमीटर, अख्ख्या आठवड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. बाकी दिवस गप्पा मारता येतील इतकं हळू. इथे मुलं अडतात, कारण घड्याळातलं धावणं मोबाइलवर चारचौघांना दिसतं आणि हळू दिसायची लाज वाटते. मंगळवारी चढलेला दम बुधवारी उतरू दिला नाही, तर शुक्रवारी पाय उचलत नाहीत.

जाता जाता, जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला जाणाऱ्या इथल्या धावपटूंसाठी एक. पेडर रोडच्या चढाला घाबरू नका, तो चढ मुत्याल मडुवूपुढे किरकोळ आहे. तुम्हाला हरवते ती दमट हवा. आनेकलच्या कोरड्या थंडीत घाम चटकन उडतो आणि अंग गार राहतं, तिथे तो अंगावरच थबकतो. उष्ण हवेची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढी रजा कुणाला मिळते? म्हणून पहिले दहा किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा हळू जा.

माझा खरा राग आयोजकांवर आहे. बहुतेक ठिकाणी पाच किलोमीटरला 'फन रन' म्हणतात. चिप नाही, वयोगट नाहीत, निकाल नाही. फुगे आणि ढोल असतात. बेंगळुरूत २००८ पासून होणाऱ्या वर्ल्ड टेन-केने दहा किलोमीटरला मान मिळवून दिला. पाचला तो मिळायला हवा, आणि त्यासाठी प्रायोजक, रस्ता बंद, पोलीस बंदोबस्त यांतलं काही लागत नाही. तालुक्याचं मैदान, चुन्याने आखलेली चारशे मीटरची फेरी, दोन स्टॉपवॉच, छातीवरचे क्रमांक आणि शेवटच्या फेरीची घंटा. पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या, म्हणून सुरुवात समोरच्या बाजूने. कारखान्यातली मुलं पहिली पाळी संपवून संध्याकाळी येऊ शकतील आणि प्रवेशमूल्य चहा-बिस्किटाएवढं ठेवता येईल. अडचण एकच, फेऱ्या मोजायला बसणारी, मध्येच मोबाइल न पाहणारी माणसं हवीत. आमच्या कारखान्याच्या तपासणी विभागातल्या तिघी तयार आहेत. वीस धावपटूंसाठी अजून दोघीतिघी लागतील. कन्नड येत नसलं तरी चालेल, आकडे कळले म्हणजे झालं.