वणवा आणि विझवणारे हात

लखनौच्या उर्दू कवितेत अग्नीला मानाचे स्थान आहे. एकोणिसाव्या शतकात या शहराने ज्यांना डोक्यावर घेतले, त्या ख्वाजा हैदर अलींचे टोपणनावच मुळी ‘आतिश’, म्हणजे अग्नी, असे होते. ही आतिश अर्थातच हृदयातली. परंतु याच शहरातून पुढे कितीतरी वर्षे खऱ्याखुऱ्या अग्नीचाही कारभार पाहिला गेला. 9 नोव्हेंबर 2000 रोजी उत्तराखंड वेगळे होईपर्यंत स्वतंत्र भारतात कुमाऊं आणि गढवालच्या वनांविषयीचे निर्णय लखनौच्या सचिवालयात होत. कवितेतला अग्नी आणि फायलीतला अग्नी यांची मात्र फारशी गाठ पडलेली दिसत नाही. ही उणीव एकट्या लखनौची नव्हे. ती भारतीय साहित्यांच्या परंपरेतच मुरलेली आहे.

‘ऋतुसंहारा’च्या पहिल्याच सर्गात ग्रीष्माबरोबर दावाग्नी येतो, तो एक भव्य दृश्य म्हणून. भागवतात श्रीकृष्ण दावानल पिऊन टाकतो. तेथे विझवणे हे श्रम नसून लीला आहे. मराठीने ‘वणवा’ हा शब्द भुकेला दिला, विरहाला दिला, क्रांतीला दिला. नवीन जोशी यांच्या ‘दावानल’ या हिंदी कादंबरीचा विषय चिपको आंदोलनाचा काळ हा आहे. तेथेही शीर्षकातील अग्नीला आंदोलनाचा अर्थ आहे. यांपैकी एकही उपयोग गैर नाही. परंतु लावणाऱ्याला, जळणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला शब्द देणाऱ्या या परंपरेने विझवणाऱ्याला साधे नावही दिले नाही, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. मराठीत त्याच्यासाठी जे शब्द आहेत ते वनखात्याचे: ‘अग्निरक्षक’, ‘फायर वॉचर’, ‘वनमजूर’. त्याच्या कामातून आलेला ‘जाळरेषा’ हा नेमका शब्द ललित साहित्यात क्वचितच आढळतो.

एक अपवाद आहे, आणि तो थेट महाभारतातला आहे. खांडववनाचा दाह सर्वांना ठाऊक असतो. पण आदिपर्वाच्या प्रचलित पाठात त्याआधीची एक हकिगत येते. अग्नीने हे वन जाळण्याचा सात वेळा प्रयत्न केला आणि सातही वेळा तेथल्या प्राण्यांनीच तो विझवला. हत्तींनी सोंडेतून पाणी आणले, नागांनी फणांतून ओतले. आठव्या खेपेस कृष्णार्जुन अग्नीच्या मदतीला आले तेव्हाच ते वन जळाले. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (1967) या दाहामागील क्रौर्यावर नेमके बोट ठेवले. त्या विवेचनाला आज एक पुस्ती जोडावीशी वाटते: भारतीय वाङ्मयातले पहिले अग्निशामक हे त्या वनाचे रहिवासीच होते. बाहेरून कोणी त्यांना मजुरीवर आणलेले नव्हते.

कुमाऊंचा इतिहास हीच गोष्ट उलट बाजूने सांगतो. 1911 ते 1917 या काळात तेथील विस्तीर्ण वने राखीव करण्यात आली. चराई, गवत, सरपण यांवर निर्बंध आले. 1921 च्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी वने पेटवली. रामचंद्र गुहा यांनी 1989 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की या आगी प्रामुख्याने सरकारला इमारती लाकूड व राळ पुरवणाऱ्या चिडाच्या वनांत लागल्या. गावांना उपयोगी अशी रुंद पानांची वने बहुतांशी वाचली. सरकारला तक्रार समिती नेमावी लागली आणि 1931 पासून वनपंचायतींना नियमबद्ध रूप मिळाले. 1927 च्या भारतीय वन कायद्याचे कलम 79 पाहावे. ज्यांना वनात हक्क आहेत त्यांनी वणवा विझवण्यास साहाय्य केलेच पाहिजे, असे ते बजावते. म्हणजे कर्तव्याचा पाया हक्क हाच आहे, हे कायद्यालाही मान्य आहे. हक्क आटत गेले आणि कर्तव्य तेवढे उरले; मग ते रोजंदारीवर विकत घेणे भाग पडले.

या रोजंदारीची किंमत 13 जून 2024 रोजी अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात दिसली. वणवा विझवायला गेलेल्या पथकातील चौघे त्या दिवशी जळून मेले. त्यांत बीटचा एक वन कर्मचारी होता. उरलेले तिघे हंगामी किंवा रोजंदारीवरचे होते. ही माणसे काम कसे करतात? हिरव्या फांद्यांनी ज्वाला झोडपतात, दाताळ्याने चिडाच्या सुया ओढून जमिनीचा पट्टा मोकळा करतात, कधी समोरून दुसरी आग लावून पहिलीचे जळण संपवतात. चढावर आग माणसापेक्षा वेगाने धावते आणि वारा फिरला तर सुटकेची वाट क्षणात बंद होते.

यावर असे म्हटले जाईल, की आता उपग्रह आहेत, हेलिकॉप्टरे आहेत. ते खरे आहे. 2016 आणि 2024 मध्ये वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांनी नैनीताल परिसरात पाणी टाकले. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीच्या सूचना धाडते. पण सूचना पोहोचल्यावर डोंगर चढतो तो माणूसच. देशातील 36 टक्क्यांहून अधिक वनाच्छादन वारंवार वणवे लागण्याजोगे आहे, असा या संस्थेचाच 2019 चा अंदाज आहे. हिवाळ्यातला पाऊस आणि बर्फ कमी झाले, उन्हाळा लांबला, की हा भार वाढतो. आणि तो त्याच हंगामी खांद्यांवर पडतो. त्यांना पूर्ण विमा, कायम नोकरी आणि अंगावर योग्य पोशाख मिळणे ही दया नव्हे, देणे आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी यात काय करावे, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर साधे आहे. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी नोकरी करता करता रानातले शब्द मराठीत आणले. तसे काम आता कुमाऊंनी, कोरकू, गोंडी, मराठी या भाषांतून वणव्याविषयी झाले पाहिजे. आग ओळखण्याचे, वारा वाचण्याचे, माघार घेण्याचे शब्द या माणसांजवळ आहेत, आणि ते लिहिले गेलेले नाहीत. ज्याला भाषेत नाव नाही त्याची मागणी फायलीतही ‘मजूर’ या एका शब्दात मिटते. रूपकांचा वणवा आपण पुष्कळ पेटवला. तो खरा वणवा विझवणाऱ्याचे नाव घेण्याचे काम मात्र बाकी आहे.