न बोलावता चहाला

लहानपणी दादरच्या आमच्या घरी पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी दाराची कडी वाजली, की आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "दादा आलाय. दादर युनियन जिंकलेलं दिसतंय." आणि दारात खरंच मामा उभा असायचा. बाबा शिवाजी पार्क जिमखान्याचे, मामा माटुंग्याच्या दादर युनियनचा. दोघंही या क्लबांकडून एक चेंडू खेळले नव्हते, पण निष्ठा अशी की वाडेकर आणि संदीप पाटील हे बाबांच्या घरचे, तर गावसकर आणि वेंगसरकर मामाच्या. मुंबईच्या पावसाळी क्रिकेटचे, कांगा लीगचे सामने चिखलात आणि ओल्या खेळपट्टीवर होत. दोघंही छत्री घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहत आणि आपापल्या घरी परतत. मग ज्याचा क्लब जिंकला असेल त्यानं न बोलावता दुसऱ्याकडे चहाला जायचं, असा अलिखित नियम होता. मामा चपला काढता काढता विचारायचा, "भाऊजी, आज चेहरा का उतरलाय? पावसानं का?" बाबा पेपरमागून म्हणायचे, "पुढच्या वर्षी पाऊस आमच्या बाजूनं पडेल." पुढच्या वर्षी खरोखर शिवाजी पार्क जिंकलं, तर बाबा सायकल काढून माटुंग्याला निघायचे.

हा चहा मला पुन्हा भेटला तो 2004 साली, अमेरिकेत.

त्या सप्टेंबरमध्ये मी नोकरीसाठी कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डला आले. हे विमा कंपन्यांचं शहर. इथून वर शंभर मैलांवर बॉस्टन, खाली साधारण तेवढ्याच अंतरावर न्यूयॉर्क. बेसबॉल आणि फुटबॉलच्या मोठ्या लीगमधला स्वतःचा संघ या राज्याकडे नाही, त्यामुळे इथली माणसं दोन शहरांत वाटली गेली आहेत. एकाच गल्लीत एका दारावर बॉस्टनच्या रेड सॉक्सचा झेंडा असतो, तर समोरच्या दारावर न्यूयॉर्कच्या यँकीजचा. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकी फुटबॉल. त्यातही तीच वाटणी. बॉस्टनच्या बाजूचे लोक पेट्रियट्सचे, न्यूयॉर्कच्या बाजूचे जायंट्सचे.

माझ्या टेबलाच्या डावीकडे एक बॉस्टनभक्त सहकारी बसायचे आणि उजवीकडे एक न्यूयॉर्कभक्त सहकारीण. दोघंही पन्नाशीचे, वीस वर्षं एकाच मजल्यावर काम करणारे. मनातल्या मनात मी त्यांना आडनावं देऊन टाकली, बॉस्टनकर आणि न्यूयॉर्ककर. सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी त्यांची जुगलबंदी सुरू व्हायची आणि पहिले काही आठवडे मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं.

उदाहरणार्थ, न्यूयॉर्ककर बाई एका कागदावर मोठ्या आकड्यांत 1918 लिहून तो बॉस्टनकरांच्या संगणकाच्या पडद्याला चिकटवून ठेवायच्या. मला वाटलं, पहिल्या महायुद्धाचं काही असेल. नंतर उलगडा झाला. रेड सॉक्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, शेवटची जिंकली होती ती 1918 साली. त्यानंतर सव्वा वर्षातच मालकानं बेब रूथ नावाचा त्यांचा तरुण खेळाडू यँकीजला एक लाख डॉलरला विकून टाकला. रूथ पुढे बेसबॉलमधला सर्वांत मोठा माणूस झाला, यँकीज विजेतेपदामागून विजेतेपद जिंकत गेले आणि बॉस्टनच्या वाट्याला कोरडं आभाळ आलं. लोक त्याला रूथचा शाप म्हणू लागले. यँकीजच्या मैदानात बॉस्टनचा संघ उतरला, की हजारो गळे एका सुरात फक्त साल ओरडायचे, एकोणीसशे अठरा! शिवी नाही, शाप नाही, नुसतं एक साल.

मग तो ऑक्टोबर आला. दोघांचे संघ उपांत्य मालिकेत समोरासमोर होते. सातपैकी चार सामने जिंकणारा पुढे जाणार. यँकीजनी पहिले तीन जिंकले, तिसरा तर 19 विरुद्ध 8 असा. तीन सामने मागे पडून मालिका जिंकल्याचं बेसबॉलच्या इतिहासात एकदाही घडलं नव्हतं. चौथ्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये, बॉस्टन एका धावेनं मागे आणि समोर मरियानो रिवेरा, म्हणजे सामना मिटवून टाकण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं असा पिचर. तेव्हा बदली धावक म्हणून आलेला डेव्ह रॉबर्ट्स दुसऱ्या बेसकडे सुटला. सगळ्या स्टेडियमला ठाऊक होतं की तो पळणार, रिवेरालाही ठाऊक होतं. तरीही तो पोचला, अगदी निसटता. पुढच्या फटक्यावर बरोबरी झाली, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझनं चेंडू कठड्यापार धाडला. तिथून बॉस्टननं ओळीनं चार सामने जिंकले, शेवटचा तर यँकीजच्या घरात. पुढे 27 ऑक्टोबरला, खग्रास चंद्रग्रहणाच्या रात्री, त्यांनी वर्ल्ड सिरीजही जिंकली. 86 वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी बॉस्टनकर उशिरा आले. पडद्यावरचा 1918चा कागद काढून, नीट घडी घालून त्यांनी खिशात ठेवला. सकाळी आधी वडिलांच्या थडग्यावर जाऊन टोपी ठेवून आलो, असं ते म्हणाले. त्या आठवड्यात बॉस्टनभोवतीच्या न्यू इंग्लंडभर असंख्य मुलामुलींनी हेच केलं होतं. आयुष्यभर वाट पाहून गेलेल्या बापाआजोबांच्या थडग्यांवर झेंडे, टोप्या, वर्तमानपत्रं ठेवली होती. न्यूयॉर्ककर बाई तोवर उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी बॉस्टनकरांसाठी कॉफी आणली आणि एवढंच म्हणाल्या, "आता तुला चिडवायला मला नवीन साल शोधावं लागेल. फार कष्टाचं काम आहे." माझ्या डोळ्यांसमोर मामाच्या चपला आल्या.

चिडवणं म्हणजे काय, हे मला या दोघांनी शिकवलं. पुढच्या एप्रिलमध्ये बॉस्टनच्या फेनवे पार्कवर विजयाच्या अंगठ्या वाटायचा समारंभ होता आणि पाहुणा संघ नेमका यँकीजचा. रिवेराचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी त्याला प्रचंड टाळ्या दिल्या, तुझ्यामुळेच हे जमलं, अशा अर्थाच्या. रिवेरा खळखळून हसला आणि त्यानं टोपी उंचावली. ज्याला चिडवलं तोच हसला, की त्या चिडवण्याला दोघांची सही लागते.

फुटबॉलमध्ये पारडं फिरायचं. 2008च्या फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी पेट्रियट्स अठरापैकी अठरा सामने जिंकून आले होते. बॉस्टनकरांनी पैज लावली, की हरणाऱ्यानं सोमवारी जिंकणाऱ्याच्या संघाची जर्सी घालून यायचं. शेवटच्या मिनिटांत जायंट्सच्या डेव्हिड टायरीनं एका हातानं चेंडू स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला, पाठीवर पडला, पण चेंडू सोडला नाही. जायंट्स 17 विरुद्ध 14 असे जिंकले. सोमवारी बॉस्टनकर निळी जर्सी घालून लिफ्टमधून बाहेर पडले तेव्हा सगळा मजला उभा होता. चार वर्षांनी तेच दोन संघ, तोच निकाल, तीच जर्सी. बाईंनी ती इस्त्री करून ठेवली होती.

त्यांचे टोमणे कधी शिळे होत नसत, कारण ते इतिहासातून येत. 1973 आणि 1974 साली जायंट्सना स्वतःचं मैदान नव्हतं, तेव्हा ते याच राज्यात, न्यू हेवनच्या येल बोलमध्ये खेळले होते. 1998 साली पेट्रियट्सनी हार्टफर्डला यायचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी माघार घेतली. बाई म्हणायच्या, "आमचे लोक येऊन राहून गेले. तुमचे साखरपुडा मोडून पळाले." बॉस्टनकरांचं उत्तर ठरलेलं, "दोन वर्षं पाहुणे आले आणि जिंकले किती, तेही सांग!"

आणि 2007च्या मार्चमधला तो सोमवार. शनिवारी पोर्ट ऑफ स्पेनला विश्वचषकात भारत बांगलादेशाकडून हरला होता. ऑफिसात क्रिकेटचं नाव काढणारं कुणी नव्हतं, त्यामुळे दुःख एकटीनंच गिळायचं होतं. बॉस्टनकर माझ्या टेबलापाशी आले, गंभीर चेहऱ्यानं उभे राहिले आणि एकच शब्द बोलले, "बांगलादेश?" मी थक्क झाले. या माणसानं शनिवार-रविवारात कुठून तरी निकाल शोधला होता, कोण जिंकणं अपेक्षित होतं हे समजून घेतलं होतं, मला कुठे लागलं असेल याचा विचार केला होता. मी हसले आणि हसता हसता डोळे भरून आले. त्या देशात येऊन अडीच वर्षं झाली होती. अनेक जण माझ्याशी सौजन्यानं वागले होते, पण चिडवलं पहिल्यांदाच होतं. सौजन्य परक्याशी असतं. चिडवायला माणूस ठाऊक असावा लागतो.

याची एक काळी बाजू बॉस्टनकरांनीच मला सांगितली, आणि सांगताना त्यांचा आवाज उतरला होता. 1986च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बॉस्टन विजयाच्या उंबरठ्यावर असताना बिल बकनर या अनुभवी खेळाडूच्या पायांमधून एक साधा चेंडू निघून गेला. तो सामना गेला, पुढचा गेला, मालिका गेली. त्यानंतर त्या माणसाला वर्षानुवर्षं हिणवलं गेलं, धमक्या आल्या. शेवटी तो कुटुंबाला घेऊन दूर आयडाहोला राहायला गेला. 2008च्या एप्रिलमध्ये रेड सॉक्सनी त्याला फेनवेवर पहिला चेंडू टाकायला बोलावलं. सगळं मैदान उभं राहिलं, टाळ्या थांबेनात, बकनर डोळे पुसत उभा होता. बॉस्टनकर त्या गर्दीत होते. "1986 साली मीही त्याला शिव्या घातल्या होत्या," ते म्हणाले. "त्या दिवशी मी माझ्या वाटणीचं देणं फेडायला गेलो होतो."

15 एप्रिल 2013. बॉस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेपाशी बॉम्बस्फोट झाले. तीन माणसं गेली, शेकडो जखमी झाली. बॉस्टनकरांची मुलगी तिथेच शिकत होती. तिचा फोन लागेपर्यंतचा तास न्यूयॉर्ककर बाई त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यँकी स्टेडियममध्ये तिसऱ्या इनिंगनंतर एक गाणं वाजलं, 'स्वीट कॅरोलाइन'. हे गाणं फेनवे पार्कचं, तिथे दर सामन्यात आठव्या इनिंगमध्ये सगळे मिळून गातात. त्या रात्री ते न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी गायलं. बुधवारी बाईंनी फक्त विचारलं, "काल ऐकलंस?" बॉस्टनकरांनी मान हलवली. त्यानंतर कित्येक आठवडे आमच्या मजल्यावर बेसबॉलचा विषय निघाला नाही.

मला आजी गेली ते वर्ष आठवलं. श्रावण होता. ती गेली त्याच रविवारी शिवाजी पार्कनं दादर युनियनला हरवलं होतं. बाबा माटुंग्याला गेले, पण तीन तास बसूनही क्रिकेटचं अवाक्षर बोलले नाहीत. तेराव्यानंतर मामाच म्हणाला, "भाऊजी, तो सामना कोण जिंकलं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

जूनमध्ये एके सकाळी बॉस्टनकर कॉफीचा कप घेऊन बाईंपुढे उभे राहिले. म्हणाले, "तू किती दिवस अशी सभ्य वागणार आहेस? मला करमत नाही." बाईंनी खणातून एक कागद काढला. त्यावर 27 लिहिलं होतं, यँकीजच्या एकूण विजेतेपदांची संख्या. किती दिवस तो तयार ठेवला होता, कोण जाणे. त्याच ऑक्टोबरमध्ये रेड सॉक्स पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकले. स्वतःच्या मैदानावर जिंकण्याची 1918नंतरची ही पहिलीच वेळ. बाईंनी तो कागद मुकाट्यानं स्वतःच उतरवला.

आज फोनच्या पडद्यावर, आपल्याकडे आयपीएलच्या दिवसांत आणि भारत-पाकिस्तान सामन्यानंतर, जे चालतं त्याला मी चिडवणं म्हणत नाही. ज्याचा चेहरा पाहिलेला नाही, ज्याचा बाप कोणत्या सामन्यासाठी जागला हे ठाऊक नाही, त्याच्या खेळाडूच्या आईबहिणीवर जाणं सोपं आहे. त्याला ना माहिती लागते, ना आठवण, ना जबाबदारी. ज्याला चिडवायचं त्याच्या समोर उभं राहून, त्याच्या डोळ्यांत पाहून बोलावं लागलं, तर नव्वद टक्के घाण आपोआप गळून पडेल, आणि जे उरेल त्यावर तोही हसेल.

बाबा गेले, मामाही गेला. बॉस्टनकर निवृत्त झाले. न्यूयॉर्ककर बाई मात्र अजून त्यांच्या घरी जातात, यँकीज जिंकले की न कळवता. तुमच्याही इमारतीत, ऑफिसात, नात्यात दुसऱ्या संघाचं कुणीतरी असेलच. पुढच्या वेळी तुमचा संघ जिंकला, की फोनवर काही लिहू नका. त्याच्या दाराची कडी वाजवा, चपला काढा, आणि चहा मागा.