जंतूंना डेडलाईन कळत नाही

गेल्या शनिवारी भल्या सकाळी, म्हणजे माझ्या हिशेबाने साडेदहाला, मावसबहिणीचा फोन. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी झालीये, फेलोशिप मिळालीये, आता पीएचडीचा विषय ठरवायचाय.

"दादा, पायथॉन शिकायला किती दिवस लागतात रे?"

म्हटलं, "कामापुरतं येईल महिन्याभरात. पण तुला कशाला?"

तर भानगड अशी. तिला लोणार सरोवरावर काम करायचंय. तळाचा गाळ आणायचा, त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवायचे, ते काय खातात, एकमेकांना काय देतात ते बघायचं. गाईडचं म्हणणं, वाढवत बसू नकोस. डीएनए काढ, सिक्वेन्सिंगला पाठव, कॉम्प्युटरवर विश्लेषण कर, वर्षात पेपर होईल. मीही लगेच गाईडच्या बाजूने उभा राहिलो. "अगं, डेटातच भविष्य आहे," असा डायलॉग टाकला आणि परत झोपलो.

मग विकांत रिकामाच होता म्हणून वाचत बसलो. रविवारी संध्याकाळपर्यंत माझं मत बदललं होतं. का, ते सांगतो.

लोणार सगळ्यांना आठवत असेलच. जून २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, त्याचं पाणी एकदम गुलाबी झालं आणि आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर ते फोटो फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा कळलं की ही करामत खारट पाण्यात राहणाऱ्या आर्किया गटातल्या सूक्ष्मजीवांची. (आर्किया म्हणजे दिसायला बॅक्टेरियासारखे, पण वंशावळीत वेगळं घराणं. हे १९७७ साली कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिलं.) पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि या मंडळींचं फावलं.

आता तिच्या विषयातली मूळ अडचण बघा. मातीचा किंवा गाळाचा नमुना प्रयोगशाळेतल्या बशीत पसरला, तर त्यातले साधारण शंभरात एक, कधी त्याहूनही कमी जंतू वाढतात. बाकीचे ढिम्म. म्हणून गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी जंतू वाढवण्याचा नाद बाजूला ठेवून थेट नमुन्यातला डीएनए वाचायला सुरुवात केली. त्यातून अफाट माहिती मिळाली, यात वाद नाही. पूर्ण नवी घराणी सापडली.

पण ही माहिती नेमकी कसली? आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर आधी मिळतो स्वाइप कार्डाचा लॉग. बिल्डिंगमध्ये कोण कोण आहे ते कळतं. काम कोण करतंय आणि कॅन्टीनमध्ये कोण बसलंय, ते नाही. पुढे जाऊन पूर्ण जीनोम वाचला की प्रत्येकाचा बायोडेटा हातात येतो. बायोडेट्यावरून माणूस किती कळतो, हे ज्यांनी इंटरव्ह्यू घेतलेत त्यांना सांगायला नको :-) शिवाय या बायोडेट्यातल्या बऱ्याच ओळी कुणालाच वाचता येत नाहीत, कारण त्या जीन्सचं काम काय हेच अजून माहीत नाही.

आणि आता त्या रविवारच्या वाचनाबद्दल. २०१५ मध्ये नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या मधल्या समुद्रतळाच्या गाळातून डीएनएचे तुकडे जुळवून आर्कियांचं एक नवं घराणं सापडलं. नाव लोकिआर्किया. झाडं, प्राणी, तुम्ही, मी, आपल्या सगळ्यांच्या पेशींचे हे जवळचे नातेवाईक. मोठीच बातमी होती. त्यांचे जीन्स बघून अटकळ बांधली गेली की यांच्या पेशीतही आपल्यासारखी गुंतागुंतीची रचना असेल. पण जिवंत जंतू कुणी पाहिलाच नव्हता.

तिकडे जपानमध्ये हिरोयुकी इमाची आणि सहकारी २००६ पासूनच एका कामाला लागले होते. अडीच किलोमीटर खोल समुद्रातून गाळ आणलेला. तो त्यांनी एका रिअॅक्टरमध्ये ठेवला, ज्याची कल्पना सांडपाणी शुद्ध करायच्या तंत्रातून उचललेली. आत स्पंज, वरून मिथेन. दोन हजारांहून जास्त दिवस हा प्रकार चालू. मग त्यातला थोडा भाग छोट्या नळ्यांमध्ये काढला, तेव्हा वर्षभराने एका नळीत किंचित गढूळपणा दिसला. त्यात हा जंतू होता! आतड्यातला ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. या महाशयांना लागतात १४ ते २५ दिवस. आणि एकटा वाढतच नाही. अमिनो आम्लं खाऊन हा हायड्रोजन सोडतो, तो खाणारा मिथेन बनवणारा शेजारी सोबत लागतो. एकूण बारा वर्षं गेली. २०२० च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये पेपर आला.

आणि पेशीत काय दिसलं? अपेक्षित होती तशी गुंतागुंतीची रचना आत नव्हतीच. उलट बाहेर फांद्यांसारखे लांब लांब धागे होते. बायोडेटा वाचून हे कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आता एआय आहे की, तो जीन्स बघून सगळं सांगेल. मी पण आधी हेच म्हणत होतो. पण मॉडेल बनवणाऱ्या कुणालाही विचारा. खरी उत्तरं माहीत असलेला डेटा नसेल तर मॉडेल आत्मविश्वासाने काहीही ठोकून देतं. ही खरी उत्तरं येणार बाटलीतून, नाहीतर प्रत्यक्ष सरोवरातून. तेव्हा माझ्या मते या शास्त्राचं पुढचं काम नुसतं आणखी सिक्वेन्सिंग करण्यात नाही. जंतू शेजाऱ्यांसकट वाढवणं आणि एकाच जागी वर्षानुवर्षं नमुने घेत राहणं, हे खरं काम आहे. हवाई बेटांजवळ समुद्रातल्या एका ठरावीक जागेचे नमुने १९८८ पासून साधारण दर महिन्याला घेतले जातात. लोणारला असं का होऊ नये? रंग बदलल्यावर नमुना घेऊन कोण ते कळतं. रंग कसा बदलत गेला हे कळायला आधीचे महिने हवेत.

पण खरी गोम पुढे आहे. आपल्याकडे फेलोशिप पाच वर्षांची. जंतूला बारा लागले तर? गाईड चुकीचं सांगत नाहीत, ते पोरीचं करिअर सांभाळतायत. सहा महिन्यांच्या अप्रेझलवर जगणाऱ्या मला ते चांगलंच कळतं.

यावर मला सुचलेला उपाय आमच्याच धंद्यातला आहे. आमच्याकडे दर दोन वर्षांनी माणसं सोडून जातात, पण कोड राहतो. रिपॉझिटरी कंपनीची असते, माणसाची नव्हे. तसं बाटली लॅबची हवी, विद्यार्थ्याची नको. एक जण पाच वर्षं ती सांभाळेल, नोंदी नीट लिहून पुढच्याला देईल, आणि तेवढ्या कामावर त्याला पदवी मिळेल. "वाढला नाही, पण असं असं करून पाहिलं" हेही प्रबंधात चालायला हवं. त्यासाठी बाटलीला दहा-पंधरा वर्षांचा वेगळा पैसा लागेल. प्रचंड नव्हे, पण न तुटणारा. अवघड तेच आहे, कबूल.

काल बहिणीला फोन करून हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाली, "दादा, ते सगळं ठीक आहे. पण माझे पेपर कधी होणार?"

उत्तर नव्हतं. शेवटी म्हटलं, "सिक्वेन्सिंग कर, त्यावर पेपर काढ, पायथॉन मी शिकवतो. पण त्याच गाळाची एक बाटली पहिल्या दिवसापासून लावून ठेव, आणि ती तू गेल्यावर कोण बघणार हे गाईडना आत्ताच विचार."

सोमवारी तिची गाईडबरोबर मीटिंग आहे. बघू काय होतं ते.