पश्चिमेतले चर्च बदलले, जातीचे काय?

१८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेले अमेरिकन मराठी मिशन पुढे अहमदनगर, सोलापूरपर्यंत पोहोचले. अस्पृश्यांच्या मुलांना त्याने शाळेचे दार उघडले, हे आपण नाकारत नाही.

पुढे पश्चिमेतच विचार बदलला. १९३२ च्या अमेरिकन प्रोटेस्टंट चौकशी अहवालाने मिशनांना धर्मांतरापेक्षा सेवा आणि इतर धर्मांचा आदर शिकायला सांगितले. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने वसाहतवादाला आधार देणारा 'शोधाचा सिद्धांत' नाकारला.

पण हा पश्चात्ताप साम्राज्याबद्दलचा आहे. जातीचे काय? १९३८ मध्ये आपल्या शेजारच्या सोलापुरात बाबासाहेबांनी ख्रिस्ती बांधवांसमोरच चर्चमधील जातिभेदावर बोट ठेवले होते. १९४१ मध्ये ते आपल्या जिल्ह्यात, कसबे तडवळ्याच्या महार-मांग वतनदार परिषदेला आले. धर्म बदलला तरी हक्कांची लढाई स्वतःलाच लढावी लागते, हाच धडा आपण त्यातून घेतो.

१९५० च्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्यालाही केंद्राच्या यादीत येण्यासाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. 'वाटेकरी नकोत' असे म्हणण्याआधी धाराशिवच्या तरुणांनी ती ३४ वर्षे आठवावीत.

जय भीम!