संगणकातील मोडी



गेल्या जून महिन्यात आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आपल्या वडिलांसह कार्यालयाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिला शिक्षणाचा दाखला हवा होता, आणि तोही आठ दिवसांच्या आत. २०१८ साली निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे तेलंगणातील सरकारी नोकरीत स्थानिक उमेदवार म्हणून गणना व्हावयाची असेल, तर पहिली ते सातवी या इयत्तांपैकी निदान चार वर्षांचे शिक्षण उमेदवाराने त्या भागात घेतलेले असावे लागते. ही मुलगी आमच्याकडे पहिली ते चौथी शिकली. पुढे कुटुंब पोटापाण्यासाठी पैनगंगेपलीकडे गेले. तिच्या हाती असलेली चार वर्षे ती एवढीच. त्यांतील एक जरी सिद्ध झाले नाही तरी सारे व्यर्थ.

आम्ही कपाट उघडून प्रवेशाची नोंदवही काढली. वाळवीने नेमकी त्याच काळाची पाने खाल्ली होती. वडील काही बोलले नाहीत. हातातला रुमाल मात्र त्यांनी पुनःपुन्हा घडी केला.

आमच्या पूर्वीच्या धर्मगुरूंनी त्या काळी एक दूरदृष्टीचे काम करून ठेविले होते. वहीतील नावे ते वर्षानुवर्षे संगणकावर उतरवून घेत असत. तो संगणक केव्हाच मोडीत निघाला. परंतु त्यातील फाईल एका पेनड्राइव्हवर शिल्लक होती. ती ‘ॲक्सेस ९७’ या प्रोग्रामची होती. ज्या वाचकांस हे नाव अपरिचित असेल त्यांच्यासाठी सांगतो: ॲक्सेस म्हणजे कोष्टकांची वही. एका ओळीत एक विद्यार्थी, आणि त्याचे नाव, जन्मतारीख, इयत्ता हे निरनिराळ्या रकान्यांत. वाटेल ती ओळ क्षणात शोधून काढावी, हा तिचा गुण. हा प्रोग्राम १९९२ साली प्रथम बाजारात आला व तेव्हापासून त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

आमच्या शाळेतील तरुण शिक्षकाने ती फाईल नव्या लॅपटॉपवर उघडावयास घेतली. यंत्राने साफ नकार दिला. कारण असे की, २०१३ सालच्या आवृत्तीपासून पुढील ॲक्सेस ही ९७ ची फाईल उघडतच नाही. ती आधी २००७ किंवा २०१० च्या आवृत्तीत उघडून नव्या स्वरूपात बदलून घ्यावी लागते, आणि मगच ती आजच्या आवृत्तीत चालते. नदी एका उडीत ओलांडता येत नाही, मधल्या खडकावर पाय ठेवावाच लागतो, त्यातलाच हा प्रकार.

आता आमची चूक सांगितली पाहिजे. तो मधला खडक आमच्या घरातच होता! लॅपटॉपवर पूर्वी २०१० चीच आवृत्ती होती. नवी बसवून घ्यावी म्हणून आम्ही तो शहरातील एका दुकानात दिला होता. जुनी आवृत्ती ३२ बिटांची, नवी ६४ बिटांची. या दोन जाती एका यंत्रावर एकत्र नांदत नाहीत, आणि नवी बसविताना यंत्र तसे बजावते. दुकानदाराने आम्हांस न विचारता जुनी पुसून टाकली व नवी बसविली. आम्हीही पैसे देऊन आनंदाने घरी आलो. पेनड्राइव्हवरच्या फाईलचे स्मरण त्या दिवशी कोणासही झाले नाही. जुने काढण्यापूर्वी जुन्याने उघडणारे काय काय घरात आहे हे पाहावे, एवढी साधी गोष्ट. सून घरात आणण्याआधी सासूला कोणी गावाबाहेर काढीत नाही.

शेजारच्या एका धर्मग्रामात २०१० ची आवृत्ती अद्याप चालू असल्याचे कळले. आमचे शिक्षक मोटारसायकलवरून तेथे गेले. जाण्याआधी त्यांनी फाईलच्या तीन प्रती केल्या व मूळ पेनड्राइव्ह कपाटात कुलुपात ठेविला, याबद्दल आम्ही त्यांचे मनापासून कौतुक करतो. तेथे फाईल उघडताच यंत्राने आपण होऊन विचारले, रूपांतर करावयाचे काय? होय म्हटले. ओळी मोजल्या, आधी जितक्या होत्या तितक्याच नंतर भरल्या.

सायंकाळी ते परतले आणि आम्ही सर्वजण लॅपटॉपभोवती बसलो. पाहतो तो नावांच्या रकान्यात नुसता बाजार! इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे, काय वाटेल ते.

येथे थोडे मागे जावे लागेल. आपला हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. किनवट व राजुरा हे तालुकेही तोवर आदिलाबादेतच होते. या पट्ट्यातील कोणाच्या घरी आजे-पणज्यांचे जुने दप्तर निघाले, तर त्यात मोडी कागद सापडू शकतात. ते दप्तर नव्या पेटीत घालून ठेविले म्हणून कोणास मोडी वाचता येत नाही. संगणकातही तसेच. फाईल बदलणे ही पेटी बदलणे होय. आतील अक्षर वेगळेच राहते. त्या काळी मराठी टंकलेखनासाठी निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट होते. यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरेच साठत, वर केवळ मराठी मुखवटा चढे. आणि एका फॉन्टची खूण दुसऱ्याशी जुळत नसे. तो फॉन्ट नव्या यंत्रावर नाही, म्हणून मुखवटा गळून पडला. आज सर्व भाषांना प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला एकच क्रमांक आहे. त्या पद्धतीस युनिकोड म्हणतात. ॲक्सेसने ती २००० च्या आवृत्तीपासून स्वीकारली, म्हणजे आमच्या फाईलनंतर.

जुना फॉन्ट युनिकोडात बदलणारे साधन मिळाले. नावे उमटली. सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. मुलीचे आडनाव शोधपट्टीत लिहिले. उत्तर आले: अशी नोंद नाही.

वडिलांना फोन करून काय सांगावे, हे आम्हांस सुचेना. तेव्हा निवृत्त झालेले आमचे एक गुरुजी म्हणाले, ‘‘फादर, नाव राहू द्या. जन्मतारखेने पाहा.’’ तारखा वेगळ्या रकान्यात तारीख म्हणूनच साठविलेल्या होत्या. त्यांना फॉन्टशी काही देणेघेणे नव्हते. तारीख लिहिताच ओळ पुढे आली. तीच मुलगी, तेच आडनाव, पडद्यावर अगदी शुद्ध.

मग सापडले का नाही? तिच्या आडनावात ‘ऱ्ह’ होता. आपल्या पऱ्हाटीतला, वऱ्हाडातला. हा अर्धा र युनिकोडात दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांस दोन्ही सारखे, यंत्रास मात्र भिन्न. बदलणाऱ्या साधनाने एक रीत वापरली होती, आम्ही दुसरी टंकली. हिंदीत हा अर्धा र चालत नाही. त्यामुळे ही अडचण आपणा मराठी लोकांच्या वाट्याची. शिक्षकांनी सर्व फाईलभर एकच रीत करून घेतली.

दाखला पाचव्या दिवशी गेला. परंतु एक ओळ बरोबर निघाली म्हणून उरलेल्या निघतील असे नव्हे. पुढील तीन शनिवार गुरुजी वाळवीतून वाचलेल्या पानांवरून नावे मोठ्याने वाचीत, आणि मोठी मुले पडद्यावर बोट ठेवून जुळवीत. ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या व रफार यांचे बरेच घोळ निघाले. जेथे जन्मसाल दोनच आकड्यांत मजकूर म्हणून टंकलेले होते तेथे तर मौजच झाली. त्यास तारखेचे रूप देताना ०० ते २९ हे आकडे यंत्र चालू शतकात ढकलते. बाप्तिस्म्याच्या नोंदींत १९२५ साली जन्मलेल्या एक आजीबाई त्यामुळे २०२५ साली जन्मास आल्या.

आता सर्व कोष्टके साध्या मजकुराच्या फाईलमध्येही उतरविली आहेत. ती उघडण्यास ॲक्सेसची गरज नाही. ज्या बचत गटांचे अथवा शाळांचे हिशेब अशा जुन्या फाईलींत अडकले असतील, त्यांनी शनिवारी दुपारी आमच्या कार्यालयात यावे. शिक्षक तेथे असतात. येताना फाईलची प्रत आणावी, मूळ घरीच ठेवावे, कोणता फॉन्ट होता ते आठवून यावे, आणि कागदी वही, कितीही जीर्ण असो, बरोबर घ्यावी.