विश्लेषण : नाव तेच, मानकरी नवा! किंग काउंटीच्या ध्वजावर मार्टिन ल्यूथर किंग कसे आले?

अमेरिकेत काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडील जिल्हा. सिएटल शहर, तसेच मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनची मुख्यालये असलेल्या किंग काउंटीच्या ध्वजावर आज मार्टिन ल्यूथर किंग यांचा चेहरा आहे. मात्र काउंटीला आधी ज्यांचे नाव होते ते किंग वेगळेच होते.

मूळ किंग कोण?

ही काउंटी १८५२ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी फ्रँकलिन पिअर्स अमेरिकेचे अध्यक्ष आणि विल्यम रुफस किंग उपाध्यक्ष म्हणून निवडून आले होते. त्यांच्या सन्मानार्थ शेजारशेजारच्या दोन काउंटींना पिअर्स आणि किंग अशी नावे दिली गेली. अलाबामाचे मळेवाले असलेले विल्यम किंग गुलामांचे मालक होते. पदाची शपथ घेतल्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिल १८५३ मध्ये त्यांचे निधन झाले.

बदल कधी झाला?

हे नाव यापुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सन्मानार्थ मानावे, असा ठराव काउंटी कौन्सिलने फेब्रुवारी १९८६ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. पण काउंटीचे नाव ठरवण्याचा अधिकार वॉशिंग्टन राज्याकडे असल्याने या ठरावाला कायद्याचे बळ नव्हते. ते मिळायला १९ वर्षे लागली. एप्रिल २००५ मध्ये गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगॉयर यांनी तसे विधेयक मंजूर केले.

मग ध्वज का बदलावा लागला?

नावाचे एक अक्षरही बदलले नव्हते. पाट्या, नकाशे, पत्ते सारे तसेच राहिले. शिवाय काउंटीचे चिन्ह होते मुकुट, म्हणजे ‘किंग’ या शब्दाचा सरळ अर्थ ‘राजा’! त्यातून ना जुने किंग कळत, ना नवे. त्यामुळे बदल लोकांना दिसायचा तर तो चिन्हातूनच दिसू शकत होता. २००६ मध्ये कौन्सिलने चिन्ह बदलण्याचा निर्णय घेतला आणि मार्च २००७ मध्ये किंग यांच्या चेहऱ्याचे नवे चिन्ह समोर आले. ध्वजावरही तेच आहे.

आक्षेप काय असू शकतो?

लहान मुलालाही आठवणीने काढता यावा इतका ध्वज सोपा असावा, त्यावर अक्षरे किंवा मुद्रा नसाव्यात, असे ध्वज-अभ्यासक टेड के यांच्या ‘गुड फ्लॅग, बॅड फ्लॅग’ या पुस्तिकेतील नियम सांगतात. चेहरा आणि नाव असलेला हा ध्वज त्या कसोटीवर उतरत नाही. पण पट्टे आणि रंगांतून हे ‘किंग’ कोणते, हे सांगता आले नसते.

महत्त्व कशात?

नामांतरात बहुधा जुने नाव पुसले जाते. इथे नाव राहिले, त्यामागचा माणूस बदलला. कायद्याने तो बदल अधिकृत केला. पण कायदा फारसे कोणी वाचत नाही, कार्यालयावरचा ध्वज मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतो.