डेबोराची थकबाकी



पुरुषाचे कपडे चढवून रणांगणावर गेलेल्या बाईची गोष्ट शिबिरात नेहमी रंगते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या डेबोरा सॅम्पसनची तर फारच. मांडीत घुसलेली गोळी तिने डॉक्टरला न दाखवता स्वतःच काढली, इथे मुली श्वास रोखून बसतात. तिचा पहिला चरित्रकार हर्मन मान याने 1797 च्या पुस्तकात रंग बराच भरला आहे, तेव्हा यातले किती खरे धरायचे हा प्रश्नच आहे. मला तिच्या आयुष्याचा युद्धानंतरचा भाग जास्त मोलाचा वाटतो. त्यात अर्ज आहेत, उसनवारी आहे आणि पेन्शनसाठी घातलेले खेटे आहेत.

डेबोराचा जन्म 1760 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिम्प्टन गावचा. बाप घर सोडून गेला. तो समुद्रात बुडाला असे घरच्यांना कळले होते. प्रत्यक्षात त्याने मेन प्रांतात दुसरा संसार थाटला होता. म्हणजे आई आपल्या भाषेत परित्यक्ता. मुले पोसणे जमेना, तेव्हा तिने ती नातेवाइकांकडे, ओळखीच्या घरी वाटून दिली. दहाच्या सुमारास डेबोरा मिडलबरोच्या एका शेतकरी कुटुंबात करारावर राबायला गेली, ती थेट अठरा वर्षांची होईपर्यंत. त्या घरच्या मुलांकडून ती लिहायला-वाचायला शिकली. पुढे विणकाम केले, उन्हाळ्यात मुलांची शाळा घेतली. 1782 च्या मे महिन्यात 'रॉबर्ट शर्टलिफ' या नावाने ती पलटणीत शिरली, तेव्हा तिच्यामागे दहा-बारा वर्षांची मजुरी होती. भरती होणाऱ्याला रोख रक्कम मिळे. तिला देशाचे प्रेम नव्हते असे मी म्हणत नाही. पण गरीब पुरुष लढायला जातो तेव्हा त्याला पगाराचीही गरज असते हे आपण सहज धरून चालतो. बाई गेली की मात्र तिने निव्वळ त्यागच केलेला असावा लागतो!

त्याच वर्षी सप्टेंबरात तिच्या गावच्या बाप्टिस्ट चर्चने तिला मंडळीतून काढून टाकले. पुरुषाचे कपडे घालून सैन्यात नाव नोंदवले, हा गुन्हा.

तिने सतरा महिने नोकरी केली. 1783 च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ती तापाने फणफणली आणि डॉक्टरला ती बाई असल्याचे कळले. ऑक्टोबरात तिला सन्मानाने निरोप मिळाला. पगाराचा काही भाग मात्र, ती बाई होती म्हणून, अडकून राहिला. 1792 मध्ये तिने राज्याच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. 34 पौंड आणि त्यावरचे व्याज मंजूर झाले. ठरावात तिच्या शौर्याची स्तुती आहे, आणि तिने आपले शील निष्कलंक राखले याची नोंदही. कोणा पुरुष शिपायाला थकबाकी चुकती करताना हा दाखला कोणी जोडला असेल?

तोवर तिचे लग्न झाले होते. नवरा बेंजामिन गॅनेट, शेरॉन गावचा शेतकरी, जमीन जेमतेम. पोटची तीन मुले आणि आई गमावलेली एक पोर सांभाळायला घेतलेली. 1802 मध्ये ती मुलांना घरी ठेवून गावोगाव व्याख्याने देत फिरली. भाषण मानने लिहून दिले होते. त्यात स्त्रीची मर्यादा ओलांडल्याबद्दल ती दिलगिरी व्यक्त करते. भाषण संपले की गणवेश चढवून ती बंदुकीची कवायत करून दाखवी. तोंडाने माफी मागायची आणि हातांनी बंदूक फिरवायची! या दौऱ्याच्या दैनंदिनीत तिने खर्चाच्या नोंदी ठेवल्या आहेत.

पैसा पुरला नाहीच. पॉल रिव्हिअर या नामवंत पुढाऱ्याने 1804 मध्ये तिची शिफारस करणारे पत्र लिहिले. तिला भेटण्यापूर्वी आपण धिप्पाड, पुरुषी बाईची कल्पना केली होती, पण ती नाजूक आणि बोलकी निघाली, हे त्याने त्यात आवर्जून सांगितले. म्हणजे हा दाखलाही लागलाच. 1805 मध्ये अपंग सैनिकांच्या यादीत तिचे नाव चढले, महिना 4 डॉलर. पुढच्याच वर्षी ती रिव्हिअरकडे 10 डॉलर उसने मागते आहे. 1818 मध्ये गरजू सैनिकांसाठी कायदा आला, तेव्हा पहिली पेन्शन सोडून तिला महिना 8 डॉलर मिळू लागले. (मार्गारेट कॉर्बिन या दुसऱ्या बाईने नवरा पडल्यावर त्याची तोफ चालवली आणि ती कायमची जायबंदी झाली. तिला 1779 मध्ये शिपायाचा निम्माच पगार ठरला होता.)

1827 मध्ये डेबोरा वारली. नंतर बेंजामिनने सरकारकडे मागणी केली: सैनिकांच्या विधवांना पेन्शन आहे, मी सैनिकाचा विधुर आहे. तिच्या दुखण्यावर आयुष्यभर औषधपाण्याचा खर्च झाला, हेही त्याने मांडले. कायद्यात असा माणूस बसतच नव्हता. संसदेच्या समितीने मात्र त्याची बाजू उचलून धरली. तो 1837 मध्ये गेला, आणि 1838 च्या जुलैत खास कायदा होऊन वारसांना 466 डॉलर 66 सेंट मिळाले. आईच्या सैनिकी नोकरीचे पैसे मुलांच्या हाती पडले, तेव्हा तिने पलटण सोडल्याला 54 वर्षे उलटली होती.

1983 मध्ये मॅसॅच्युसेट्सने तिला राज्याची अधिकृत वीरांगना म्हणून घोषित केले. जानेवारी 2021 मध्ये अमेरिकेत माजी स्त्री-सैनिकांच्या आरोग्यसेवेसाठी ज्या तरतुदींचा कायदा झाला, त्यांना तिचे नाव आहे. पुतळा, घोषणा हे सगळे चांगलेच. तरी या दुसऱ्या गोष्टीचे मला जास्त समाधान वाटले, कारण ती दवाखान्यापर्यंत पोचते.

पुढच्या अंकासाठी तुमच्या भागातल्या लढ्यांत उतरलेल्या बायकांविषयी जरूर लिहून पाठवा. लिहिताना मोर्चा, लाठीमार, तुरुंग यांबरोबर हेही विचारा: त्या काळात घर कशावर चालले, मुले कोणी सांभाळली, पेन्शनचा अर्ज कोणाच्या नावाने गेला, आणि कोणकोणते दाखले मागितले गेले.